वीज आल्यानंतरची चाळीस सेकंदं

केम्चीच्या धक्क्यावर वारा रात्री तारा तोडतो,
पहाटे कुणीतरी त्या जोडतं,
आणि सव्वापाचला आमच्या कचेरीत
सगळी यंत्रं एकदम डोळे उघडतात.
सगळी म्हणजे चार: राऊटर, स्विच,
बोदेगा नावाचा जुना डबा, ज्यात सगळ्या नोंदी,
आणि वेब सर्व्हर. उतावळा नवरा,
गुडघ्याला बाशिंग.

तो हाक मारतो: बोदेगा!
ओ येत नाही.
बोदेगा राहते कुठे हे ज्याला ठाऊक
तो राऊटर अजून कूस बदलतोय.
दुसरी हाक हा मारत नाही.
लॉगमध्ये एक ओळ टाकतो, होस्ट सापडला नाही,
आणि आडवा होतो.
मेचुकेची बोट किती वाजता, भरती कधी,
शिंपल्यांना आज भाव काय,
बेटं विचारत राहतात कोऱ्या पानाला.

आठ वाजता मी येते. ओला कोट खुंटीला.
म्हणते, चल ऊठ, की हा उठतो,
पहिल्याच हाकेला ओ,
दवाखान्याच्या पायरीवर
ताप उतरलेल्या पोरासारखा.
तीन वेळा असं झालं.
तीन वेळा मी म्हटलं, बरा आहे की.

माझ्या आधी इथे एर्विन होता. त्याचे उपाय
फाईलींतून हाताला लागतात,
भिंतीत जुने खिळे लागावेत तसे.
एकात लिहिलंय: तीस सेकंद झोप, मग सुरू हो.
जुन्या राऊटरला पुरली ती झोप.
नवा चाळीस घेतो.
दुसऱ्यात त्यानं बोदेगाचा पत्ता
होस्ट्सच्या फाईलीत हातानंच लिहिलेला,
म्हणजे कुणाला विचारायलाच नको.
मग बोदेगानं घर बदललं, ती ओळ कुणी खोडली नाही,
आणि पंधरा दिवस बुताचाउकेसची गाऱ्हाणी
जात राहिली एका प्रिंटरकडे.
प्रिंटर बिचारा. कुणाला सांगणार?

शेवटी रात्री थांबले.
होताना पाहिल्याशिवाय कळायचं नाही.
राखणदार नीबाल्दो ग्वेन्तेओ
चुलीपाशी खुर्चीत, टोपी नाकावर.
सव्वापाचला दिवे लुकलुकले, पंखे घुरघुरले,
आणि नीबाल्दो दचकून उठला, म्हणाला,
"ओतीलिया, किटली ठेव."

मी स्क्रीनकडे पाहत राहिले.
ओतीलियाला जाऊन चार वर्षं झाली.
टेकडीवर, सिप्रसच्या फळीवर, नाव आहे तिचं.
तो क्षणभर तसाच.
मग स्वतःच उठला, किटली ठेवली,
येर्बाचा कडू चहा भरला, मला विचारलं,
"सापडलं?"

सापडलं होतं. एकतिसाव्या सेकंदाला हाक,
चाळिसाव्याला राऊटर शुद्धीवर.
नऊ सेकंदं. एवढ्यासाठी आठवडाभर
बोटवाल्यांच्या शिव्या.

मी झोपेची ओळ खोडली.
लिहिलं, नेटवर्क आल्यावर.
तेही खोडलं, कारण केबल खोचली
की नेटवर्क आलं, असंच समजतात ही यंत्रं.
डोळे उघडणं वेगळं, माणसं ओळखणं वेगळं.
लिहिलं, नेटवर्क खरोखर जागं झाल्यावर.
आणि खाली, विश्वास नव्हता म्हणून:
नाही जमलं तर पाच सेकंदांनी पुन्हा.

"ओढा प्लग," मी म्हटलं.
नीबाल्दोनं जाळं ओढावं तसा दोन्ही हातांनी ओढला.
अंधार. मग पुन्हा खोचला.
तो बोटांवर मोजत होता.
एकतीसला काही नाही.
चाळीसला राऊटरचा हिरवा दिवा.
त्रेचाळीसला पडद्यावर
मेचुके, सात वाजता, वारा उत्तरेचा.

"पुन्हा हाक मारायची, एवढंच?"
"एवढंच."
त्यानं चूल ढोसली. काही बोलला नाही.

शुक्रवारी पुन्हा तारा तुटल्या. मी घरी झोपलेली.
सकाळी लॉग उघडला:
पहिली हाक, ओ नाही.
दुसरी, नाही.
तिसरी.
नीबाल्दो पाळी संपवून गेला होता,
किटली अजून कोमट.